मिळून केलेले वाचन

मुलांनो, वाचन एकट्यानेच करायचे असते, असे आपल्याला वाटते. पण पुस्तक मिळूनही वाचता येते. त्याचे हे एक उदाहरण पाहा.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात स्पॅनिश भाषा बोलतात. होर्हे लुईस बोर्हेस (१८९९–१९८६) हे तेथील थोर लेखक. १९५५ साली ते ब्यूनोस आयर्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले. लाखो पुस्तके हाताशी आली. पण तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती!

तरी त्यांनी वाचन सोडले नाही. १९६४ साली पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या आल्बेर्तो मँग्वेल या सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी वाचून दाखवायला बोलावले. मुलगा वाची. बोर्हेस त्याला मध्येच थांबवत, एखाद्या वाक्यावर बोलत, दुसऱ्या पुस्तकाची आठवण काढत. डोळे एकाचे, अनुभव दुसऱ्याचा! हाच मुलगा पुढे लेखक झाला आणि २०१६ साली त्याच ग्रंथालयाचा संचालक झाला.

बोर्हेस यांच्या एका कथासंग्रहाचे नाव 'अलेफ' (१९४९). हे हिब्रूचे पहिले अक्षर, म्हणजे आपल्या अलिफचे भावंडच. त्यात इब्न रुश्द यांच्यावर एक कथा आहे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथातील नाटकाविषयीचे दोन शब्द त्यांना उलगडत नाहीत. कारण त्यांनी नाटक कधी पाहिलेलेच नसते.

तुम्हीही चार मित्रमैत्रिणी मिळून वाचा. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. अडलेला शब्द लपवू नका, विचारा. चर्चा तेथूनच सुरू होते.