नवी विंडोज, जुना हात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला. सुरक्षेची अपडेट्स पुढेही हवी असतील तर विंडोज ११ कडे वळा, असा त्याचा सरळ अर्थ. कचेऱ्या, बँका, शाळा, दवाखाने आणि घरचे संगणक, सगळीकडे हा बदल झाला आहे किंवा होऊ घातला आहे. त्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते. पंचवीस-तीस वर्षे संगणकावर सफाईने काम करणारी माणसे म्हणतात, "काही सापडत नाही. दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लागतात. हात भलतीकडेच जातो." इथवर ही तक्रार संगणकाची असते. पण पुढचे वाक्य पुष्कळदा असे असते: "आता वय झालं. डोकं चालत नाही. विसरण्याचा आजार तर सुरू झाला नाही ना?" इथे मात्र ती आरोग्याची होते.

बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. अडखळण्याचे कारण बुद्धीची कमतरता नसून वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य हेच आहे. ते कसे, हे समजले तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

कोपऱ्यातले बटण

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' हे बटण आले. २०१२ साली विंडोज ८ ने ते काढून टाकले आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. वापरणाऱ्यांची नाराजी इतकी होती की, पुढच्याच वर्षी विंडोज ८.१ मध्ये बटण परत आणावे लागले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागची ओळखीची यादीही परतली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने बटण ठेवले, पण ते कोपऱ्यातून उचलून खालच्या पट्टीच्या मध्यभागी नेले.

चार बोटांचे अंतर, त्यात एवढे काय, असे वाटेल. पण हाताच्या दृष्टीने फरक मोठा आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की, एखाद्या ठिकाणी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते ठिकाण किती लांब आहे आणि किती मोठे आहे. संगणकाच्या पडद्याचा कोपरा या हिशेबात फार सोयीचा. माऊस त्या दिशेने जोरात सरकवला तरी बाण पडद्याबाहेर जात नाही, कोपऱ्यातच अडतो. नेम धरावा लागत नाही, बघावेही लागत नाही. मध्यभागी मात्र बघून, नेम धरून थांबावे लागते. शिवाय विंडोज ११ मध्ये जितके कार्यक्रम उघडाल तितकी चिन्हांची रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्टचे बटण आणखी डावीकडे सरकते. म्हणजे त्याची जागा बदलली आणि जी नवी जागा मिळाली तीही पक्की राहिली नाही.

राइट-क्लिकचेही तसेच. पूर्वी तिथे कट, कॉपी, डिलीट असे शब्द एकाखाली एक असत. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत त्यांच्या जागी नुसती छोटी चिन्हे आली आणि यादीतल्या बऱ्याच गोष्टी 'शो मोअर ऑप्शन्स' या आणखी एका दारामागे गेल्या.

डोक्यातली आठवण, हातातली आठवण

मेंदूत आठवणींची साठवण एकाच कपाटात होत नाही. काल काय जेवलो, नातवाचा वाढदिवस कधी, या आठवणी शब्दांत सांगता येतात. त्या तयार होण्यासाठी मेंदूच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. सायकल चालवणे, पोळी लाटणे, टाइप करणे या आठवणी वेगळ्या. त्या मुख्यतः बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या मदतीने घडतात आणि शब्दांत नीट सांगता येत नाहीत.

हा फरक वैद्यकाला शिकवला तो एका अमेरिकी रुग्णाने. फिट्सच्या आजारासाठी १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा हिप्पोकॅम्पससह काही भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवीन काहीच लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. काम अवघड, पण तीन दिवसांत मोलेसन यांचा हात सुधारत गेला. गंमत अशी की, हे काम आपण पूर्वी केले आहे हे त्यांना प्रत्येक दिवशी मुळीच आठवत नव्हते. डोके विसरले होते, हात शिकला होता.

निरोगी माणसातही हे दिसते. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी सराईतपणे टाइप करणाऱ्यांना कोरा कीबोर्ड देऊन अक्षरे भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी सुमारे १५ अक्षरेच त्यांना योग्य जागी लिहिता आली. बोटांना सगळी अक्षरे माहीत होती, मालकाला नव्हती. मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसलेले कितीतरी लोक पुढे संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट पद्धतीकडे वळले, तेव्हा त्यांनी हाच अनुभव घेतला. मराठी तीच, अक्षरे तीच, तरी बोटे जुन्याच जागी पडत.

कोपऱ्यातले स्टार्ट बटण हीदेखील अशीच हातातली आठवण. हजारो वेळा केलेली हालचाल मेंदूने 'विचार न करता करायची' म्हणून बाजूला काढून ठेवलेली असते. त्यामुळे लक्ष मूळ कामासाठी मोकळे राहते. बटण हलले की ती हालचाल निरुपयोगी होते आणि प्रत्येक क्लिक पुन्हा विचार करून करावी लागते. दिवसअखेर येणारा शीण या अतिरिक्त विचाराचा असतो.

नवख्याला सोपे, जाणत्याला अवघड

अठरा वर्षांचा मुलगा विंडोज ११ वर झटपट रुळतो आणि पन्नाशीतले मुख्य लिपिक अडखळतात, याचे कारण केवळ वय हे नाही. मुलाला फक्त नवे शिकायचे असते. लिपिकांना जुने आवरायचेही असते. आधी शिकलेले नव्याच्या आड येते, हा स्मरणशक्तीचा जुना नियम आहे. ज्याचा सराव अधिक, त्याला हा अडथळा अधिक.

वयाने मेंदूचा वेग थोडा मंदावतो, हे खरे. पण अनुभव त्याची भरपाई करतो. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास केला. साध्या प्रतिक्रियेच्या चाचणीत वयस्क मंडळी मागे पडली, टाइप करण्याच्या वेगात मात्र नाही. कारण ती पुढची अक्षरे अधिक लांबवर वाचून ठेवत होती. पुढचा मजकूर झाकला की त्यांचा वेग उतरला. संगणकाची रचना अचानक बदलते तेव्हा काहीसे असेच होते. पुढे काय येणार याचा अंदाज हेच अनुभवी माणसाचे भांडवल, आणि नेमके तेच काही काळ हातातून जाते.

थोडा दोष डोळ्यांचाही

चाळिशी लागली की जवळचे दिसण्यासाठी चष्मा येतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगात वाचनाचा भाग खाली असतो, म्हणून पडद्यावरचे वाचायला मान मागे टाकावी लागते. ओळखीच्या पडद्यावर फार वाचावे लागत नव्हते, जागा पाठ होत्या. आता प्रत्येक चिन्ह निरखायचे म्हटले की मान आखडते, डोके दुखते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग धूसर होते, त्यामुळे फिकट पार्श्वभूमीवरची राखाडी अक्षरे ओळखणे जड जाते. पडद्याकडे एकाग्रतेने बघताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे चुरचुरतात. अशी तक्रार असेल तर डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूची सुरुवातही असू शकते. हातभर अंतरासाठी वेगळा चष्मा लागतो का, हेही विचारावे.

काळजी कधी करावी?

एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. *गोष्ट बदलली म्हणून अडखळणे* वेगळे आणि *गोष्ट तशीच असताना अडखळणे* वेगळे. नव्या पडद्यावर फाइल सापडत नाही, पण घरचे हिशेब, औषधांच्या वेळा, येण्याजाण्याचे रस्ते, माणसांची नावे नेहमीसारखी लक्षात आहेत, आणि आठवड्यागणिक थोडी सुधारणा दिसते आहे, तर घाबरण्याचे कारण नाही.

याउलट, वर्षानुवर्षे केलेला स्वयंपाक चुकू लागला, रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, व्यवहारात न होणाऱ्या चुका होऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. विसरण्याची सगळीच कारणे असाध्य नसतात. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप, काही औषधे यांनीही स्मरणशक्ती मंदावते आणि उपचारांनी सुधारते.

हाताकडेही लक्ष द्यावे. बाण नेमक्या जागी थांबत नाही, डबल-क्लिक जमत नाही, अक्षर बारीक होत चालले आहे, एकच हात थरथरतो किंवा मंदावला आहे, तर दोष विंडोजला देऊन थांबू नये. पार्किन्सनच्या आजाराची सुरुवात अशी असू शकते. आणि एका बाजूचा हात *अचानक* लुळा वाटला, बोलणे अडखळले, चेहरा वाकडा झाला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

हाताला शिकवायचे कसे?

पहिली गोष्ट, बदलता येईल तेवढे जुन्यासारखे करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, आणि तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' केले की स्टार्टचे बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात येते. शिफ्टची कळ दाबून राइट-क्लिक केले की जुनी सविस्तर यादी थेट उघडते. ॲक्सेसिबिलिटीमध्ये अक्षरे आणि माऊसचा बाण मोठा करता येतो. ही सोय फक्त दृष्टिहीनांसाठी नाही, चाळिशी लागलेल्या प्रत्येकासाठी आहे.

दुसरी गोष्ट, माऊस स्वतःच्याच हातात ठेवावा. तरुण सहकारी किंवा मुलगा प्रेमाने म्हणतो, "थांबा, मीच करून देतो," आणि चार क्लिकमध्ये काम संपवतो. काम होते, पण शिकतो त्याचा हात. बघून डोक्याला कळते, हाताला कळायला करावेच लागते. शिकवणाऱ्याने तोंडाने सांगावे, हात मागे बांधावेत.

तिसरी गोष्ट, रोज थोडे. ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली तुलना केली. रोज एकच तास शिकणारे, दिवसात चार तास शिकणाऱ्यांपेक्षा कमी एकूण तासांत तयार झाले. मात्र समाधानी कमी होते, कारण दिवस जास्त गेले. म्हणजे शिकणे नीट चालू असतानाही मनाला ते रेंगाळल्यासारखे वाटते. हे आधीच माहीत असले तर धीर सुटत नाही. पुरेशी झोपही घ्यावी, दिवसा केलेला सराव मेंदू रात्री पक्का करत असतो.

प्रश्न फक्त सोयीचा नाही

सवयीने झालेली चूक आणि अज्ञानाने झालेली चूक यांत फरक आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली अशा सवयीच्या चुकांची सविस्तर वर्गवारी केली. करायचे असते एक, पण हात रुळलेल्या वाटेने दुसरेच करून जातो. घरी अशी चूक झाली तर एखादा फोटो पुसला जाईल. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, औषध भांडारात किंवा प्रयोगशाळेत झाली, तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो. चूक करणारा निष्काळजी नसतो, उलट तो सर्वांत अनुभवी असू शकतो.

म्हणून संगणक बदलण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी तो सोमवारी सकाळी, बाहेर रांग लागलेली असताना अमलात आणू नये. गर्दी कमी असलेले दिवस निवडावेत, नवी प्रणाली आणि नवे सॉफ्टवेअर एकाच वेळी माथी मारू नये, पहिले काही आठवडे कामाचा वेग कमी राहणार हे गृहीत धरावे आणि रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावा. ज्येष्ठ कर्मचाऱ्याला चारचौघांत "एवढंही येत नाही?" असे म्हणणे तर कटाक्षाने टाळावे. लाजलेला माणूस विचारायचे सोडतो, आणि न विचारता दाबलेले बटण सर्वांत धोकादायक.

तीस वर्षे इमानाने काम केलेल्या हाताला नवी जागा कळायला काही आठवडे लागतात. तेवढे त्याला द्यावेत. आणि त्या काळात घरातल्या कुणी "माझं डोकं गेलं" म्हटले तर हसण्यावारी नेऊ नये. वरची कसोटी लावून बघावी, गरज असेल तर तपासणी करावी, नसेल तर शेजारी बसून माऊस त्यांच्याच हातात द्यावा.