डबे बदलायचे, पण बेतानं

माझा थोरला तिसरीत होता. जिल्ह्याचा नकाशा रंगवून आणायला सांगितलं होतं. सातही तालुके नीट, वैनगंगा निळीशार, पण कोक्याचं जंगल चक्क तांबडं! वहीत लाल शेरा आला आणि घरी मीही दोन धपाटे घातले. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" पोरगा नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मते त्यानं हिरवाच खडू घेतला होता.

दहावीत डोळे तपासले तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. आम्हाला त्यात आकडे दिसत होते, त्याला नुसते ठिपके. लाल-हिरव्याचं रंगांधत्व. हे मुलाकडे आईकडून येतं आणि आईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे हे तुह्या माहेरचं हाय त!" खोटं कसं म्हणू? माझे बाबा भेदरं पिकलं की नाही हे दाबून बघायचे. बाजारात आम्ही हसायचो त्यांना. वडिलांना हा दोष असला की प्रत्येक मुलीकडे तो उतरतोच आणि तिच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? ते दोन धपाटे मात्र मला अजून आठवतात.

थोरला आता संख्याशास्त्र शिकून नागपुरात नोकरी करतो. दिवाळीत लाखनीला आला तेव्हा कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. सात तालुके, बारा महिने आणि प्रत्येक चौकोनात पावसाचा रंग. कमी पाऊस गडद जांभळा, मग निळसर, हिरवा आणि सर्वांत जास्त तो पिवळा. म्हणाला, "आई, हे मला दिसते. कुणाला विचारावं लागत नाही."

मैत्रिणींनो, या रंगांमागची गोष्ट मला त्याच्याकडूनच कळली.

पायथॉन नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे. तिच्यात आलेख काढायची एक तयार पेटी आहे, मॅटप्लॉटलिब. शिकागोच्या जॉन हंटर नावाच्या संशोधकानं ती बनवली. मिरगीच्या रुग्णांच्या मेंदूतले विजेचे संकेत त्याला कागदावर बघायचे होते. 2003 साली त्यानं ती सगळ्यांना खुली केली. फुकट वापरा, आत कशी बनली आहे ते बघा, सुधारा. 2012 मध्ये कर्करोगानं तो गेला. वय अवघं 44, मागे तीन लहान मुली. पेटी मात्र बंद पडली नाही, कारण तोवर ती बऱ्याच जणांनी सांभाळायला घेतली होती.

त्या पेटीत आधीपासून इंद्रधनुष्यासारखे रंग ठरलेले होते. निळा, हिरवा, पिवळा, लाल. त्या ठेवणीला 'जेट' म्हणत. दिसायला झकास, पण आकडे हळूहळू वाढत असले तरी रंग मध्येच उडी मारायचा आणि नसलेली सीमारेषा दिसायची. माझ्या मुलासारख्यांचा तर गोंधळच. म्हणून स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ या दोघांनी 2015 मध्ये नवे रंग तयार केले. एक निवडण्याआधी चार पर्याय लोकांसमोर ठेवले. चौथा पसंत पडला. त्याचं नाव व्हिरिडिस, लॅटिन भाषेत हिरवा.

आता रंग बदलायचे म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण मी नवी नवरी असताना एका दुपारी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले होते. संध्याकाळी सासूबाईंनी सवयीनं हात घातला आणि वरणात मिठाऐवजी साखर पडली! माझ्या मांडणीत काही चूक नव्हती हो. पण वीस वर्षांच्या सवयीच्या हाताला मी विचारलंच नव्हतं.

इथे तर जगभरची सवय. कितीतरी प्रयोगशाळांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध जुन्या रंगांवर बेतलेले. म्हणून ऑक्टोबर 2015 च्या 1.5 या आवृत्तीत नवा डबा जुन्याशेजारी नुसता ठेवला. हवा त्यानं घ्यावा. जानेवारी 2017 मध्ये 2.0 आली तेव्हा नवा रंग पुढे आला आणि जुनं सगळं 'क्लासिक' या नावानं मागच्या फळीवर राहिलं. एक ओळ लिहा, जुनं रूप परत. त्यांचा रिवाजच तसा आहे. एखादी सोय काढायची तर आधी दोन आवृत्त्या सूचना देत राहायचं, की ही जाणार आहे, त्याऐवजी ही वापरा. 2018 मध्ये जुन्या पायथॉनची साथ सोडली तेव्हाही 2.2 या आवृत्तीची दुरुस्ती 2020 उजाडेपर्यंत करण्याचं कबूल केलं होतं. आणि या कामातला मोठा भाग लोकांनी आपापली नोकरी सांभाळून केलेला! आमच्या बचत गटात पासबुकाचा नमुना बदलला तेव्हा दोन महिने नुसती भांडणं चालली होती, म्हणून मला याचं जास्त अप्रूप.

हे काम परदेशातच होतं असं नाही. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी 'मयावी' ही अशीच खुली पेटी बनवली. तिच्यात लांबी-रुंदी-उंचीसकट चित्रं निघतात. त्याच आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे कितीतरी धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, तेही फुकट. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर जरूर सांगा.

सगळंच सुटलं असं मात्र नाही. चौकोनांचे रंग बदलले, पण आलेखात रेघा काढल्या तर पहिल्या चारांत हिरवी आणि लाल अजून येतातच. सर्वांना ओळखू येतील असा रेघांचा संच डिसेंबर 2024 च्या 3.10 आवृत्तीत आला, पण तो आपण मागून घ्यावा लागतो. पुन्हा तेच, नवा डबा शेजारी. "मग समोर का नाही ठेवत?" मी विचारलं. "ठेवतीलही," तो म्हणाला, "पण विचारून." तोवर तो प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक ओळ स्वतः लिहितो.

पावसाचं ते चित्र मी मागून घेतलं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत शाई संपली होती, तर त्यानं काळं-पांढरंच काढून दिलं. तरी कुठे जास्त पाऊस, कुठे कमी, ते स्पष्ट कळत होतं. व्हिरिडिसची हीच खुबी, आकडा वाढेल तसा रंग उजळत जातो. सासूबाईंनी चष्मा लावून कागद न्याहाळला आणि पांढुरक्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा आपला श्रावण, नाही का वं?"

होता खरा.