फोटोतील चकाकी आणि नाण्याची खरी स्थिती

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीत एक समज इतका घट्ट रुजला आहे की, विक्रेते त्याला धरून फोटो काढतात आणि ग्राहक त्यालाच धरून भाव देतात. फोटोत जे नाणे अधिक चकाकते त्याची स्थिती अधिक चांगली, हा तो समज होय. तो चुकीचा आहे, आणि चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत तर वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलट असते.

पंचम जॉर्ज यांच्या काळातील चांदीचा कलदार रुपया उदाहरणादाखल घेता येईल. सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचे आणि ९१.७ टक्के चांदी असलेले हे नाणे टांकसाळीत दोन ठशांमध्ये दाबले जाई, तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरके आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहत. या रेषांवरून प्रकाश परावर्तित होत असल्यामुळे, न वापरलेले नाणे एका दिव्याखाली हळूहळू कलते केले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्याच्यावरून फिरताना दिसतात. संग्राहक ज्याला ‘लस्टर’, म्हणजे मूळ झळाळी, म्हणतात ती हीच. ती हालचालीत दिसते. स्थिर फोटोत तिचा फार तर एक क्षण पकडला जातो, आणि तो क्षण कोणता असावा हे फोटो काढणाराच ठरवतो.

घासून काढलेल्या नाण्याची चकाकी मात्र निराळी असते. रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासल्यावर मूळ रेषा नष्ट होतात आणि त्यांच्या जागी केसासारखे बारीक ओरखडे येतात. चांदी उजळवणाऱ्या आम्लयुक्त द्रवात नाणे वारंवार बुडवले तर पृष्ठभागाचा पातळ थरच विरघळतो. असे नाणे सगळीकडून सारखे लखलखते, पण कलते केल्यावर त्याच्यावर उजेड फिरत नाही. फोटोत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण पसरट मऊ प्रकाशात ओरखडे बुजतात आणि फोनचा कॅमेरा चित्रातील दाणेदारपणा काढताना उरलेसुरलेही पुसून टाकतो. हा ग्राहकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे कोणाला वाटत असेल, तर पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (स्थापना १९८७) या अमेरिकी प्रमाणीकरण संस्थांचा प्रघात पाहावा. नाणे अयोग्य रीतीने स्वच्छ केल्याचे आढळल्यास या संस्था त्याला १ ते ७० या श्रेणीतील नेहमीचा अंक नाकारतात आणि फक्त ‘डिटेल्स’ असा शेरा देतात. ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडलेल्या पद्धतीतून आलेली आहे.

याच समजाची दुसरी बाजू म्हणजे काळवंडलेले नाणे खराब मानणे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो पातळ असेल तर त्याच्याखाली मूळ झळाळी शाबूत असू शकते. हा थर म्हणजे मळ नव्हे, आणि तो काढण्याच्या नादात त्याच्याखालचे सारे घालवले जाते, हे कितीदा सांगितले तरी कमीच आहे.

इतर गैरसमज थोडक्यात असे सांगता येतील. उठाव पुसट म्हणजे झीज, हे नेहमी खरे नसते; ठसा कमी दाबाने उमटला असेल तर पुसट भागावरही झळाळी राहते, तर राजाच्या चेहऱ्यावरील वापराने झिजलेल्या कानाचा, भुवईचा किंवा मिशीचा रंग शेजारच्या पृष्ठभागाहून वेगळा व मंद दिसतो. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ ही अक्षरे पूर्ण नसणे हाही झिजेचा पुरावा नव्हे, कारण हाताने पाडलेल्या या तांब्याच्या नाण्याची चकती अनेकदा ठशापेक्षा लहान असे. फोटो जितका मोठा तितका निर्णय पक्का, हेही खरे नाही, कारण ओरखडे दिसणे चित्राच्या आकारापेक्षा प्रकाशाच्या कोनावर अधिक अवलंबून असते. दोन्ही बाजूंचे फोटो पुरेसे असतात असे समजणाऱ्यांनी रुपयांच्या माळा आठवाव्यात. माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी काढून टाकल्याच्या खुणा कडेवरच सापडतात. प्लास्टिकच्या सीलबंद पेटीतील नाणे अस्सल असतेच असे नाही. पेट्याही बनावट निघतात, म्हणून पेटीवरील क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर शोधून तेथे नाण्याचे छायाचित्र असल्यास त्यातील डाग आणि ओरखडे एकेक करून पडताळावेत.

या सगळ्यातून एकच नियम निघतो. फोटोवरून नाणे नाकारता येते, पण त्याची स्थिती प्रमाणित करता येत नाही. खोल ओरखडा, छिद्र किंवा कडीची खूण फोटोत दिसली तर ती पुरेशी आहे. काहीच न दिसणे मात्र कशाचाही पुरावा नाही. म्हणून ग्राहकाने विक्रेत्याकडे एकाच दिव्याखाली नाणे कलते करतानाचा छोटा व्हिडिओ, संपूर्ण कडेचे फोटो आणि काट्यावरील वजन मागावे, आणि नाणे हातात पाहून परत करण्याची मुभा नसेल तर उत्तम स्थितीचा भाव देऊ नये. चकाकीला जादा पैसे मिळतात तोवर नाणी घासली जात राहतील, आणि घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. तेव्हा ही हानी थांबवण्याची सुरुवात विक्रेत्याने नव्हे, तर पैसे मोजणाऱ्यानेच करायला हवी.