दोन मिरे आणि गवयाचा गळा

पाहुणीने यजमानाचे नाव घ्यावे आणि पुढे त्याच्याच घरात ठाण मांडून बसावे, असा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात घडलेला आहे. ती पाहुणी म्हणजे मिरची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिची चव मिरीसारखी झोंबणारी म्हणून आपण तिला मिरीवरून नाव दिले. तमिळ भाषेतही हेच झाले. तेथे मिरीला 'मिळगु' म्हणतात आणि मिरचीला 'मिळगाय', म्हणजे मिरीचे फळ. आज मराठी घरात 'तिखट' म्हटले की लाल भुकटीच डोळ्यांपुढे येते. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले हेच होते. उपासाच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात जुनी घरे मिरचीऐवजी मिरी वापरतात, त्यात त्या जुन्या चवीचीच खूण उरली आहे.

मिरीचे झाड नव्हे, वेल असतो. सह्याद्रीचा दक्षिण भाग आणि मलबार हे त्याचे माहेर. पाऊस, सावली आणि चढायला एखादा आधार एवढे मिळाले की तो खूश. गोव्याच्या कुळागरांत आणि कोकणातल्या वाड्यांत तो सुपारीवर किंवा नारळावर चढवतात, केरळात पांगाऱ्यावर. पावसाळ्यात त्याला लांबट तुरे येतात, त्यांवर हिरव्या दाण्यांचे घोस धरतात आणि हिवाळ्यात ते काढणीला येतात.

काळी मिरी आणि पांढरी मिरी या दोन वेलींवर येतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. वेल एकच. घोसातला एखाद-दुसरा दाणा तांबडा होऊ लागला की सगळा घोस उतरवून उन्हात वाळवायचा. हिरवी साल सुरकुतते, काळी पडते आणि काळी मिरी तयार होते. तीन शेर ओले दाणे वाळवले की शेरभर मिरी हाती लागते, असा साधारण हिशेब. दाणे पूर्ण पिकू दिले, आठवडाभर किंवा थोडे अधिक पाण्यात भिजवले, साल चोळून काढली आणि मग वाळवले, तर ती पांढरी मिरी. सालीत सुगंधाचा मोठा वाटा असल्यामुळे पांढरी मिरी झोंबते, पण तिचा दरवळ काळीइतका नसतो.

या सुरकुतलेल्या दाण्याने जगाचा इतिहास हलवला आहे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात वारला. त्याच्या जतन केलेल्या देहाच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात कुरकुरत होता, की ज्या जिनसेत तिखटपणावाचून दुसरा गुण नाही ती लोक सोन्या-चांदीसारखी तोलून का घेतात! पुढे इ. स. ४०८ मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा मागितलेल्या खंडणीत सोने, चांदी आणि रेशीम यांच्या जोडीला तीन हजार पौंड मिरी होती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवे घेतले. या साऱ्या खटाटोपामागे मसाल्याचा व्यापार होता आणि त्या व्यापाराची पट्टराणी मिरीच होती. शरावतीच्या खोऱ्यातील गेरसोप्याच्या राणी चेन्नभैरादेवीला तर पोर्तुगीज 'मिरीची राणी' म्हणत. इंग्रजीतल्या 'पेपर' या शब्दाचे मूळही संस्कृत 'पिप्पली'त आहे. पिंपळीचे नाव परदेशी जाता जाता मिरीला चिकटले. आज मात्र जगात सर्वांत जास्त मिरी व्हिएतनाममध्ये पिकते.

आता तिच्या गुणांकडे वळू. मिरीत दोन निरनिराळी द्रव्ये आपापली कामे करतात. तिखटपणा येतो तो पायपेरीन या द्रव्यामुळे. ते १८१९ साली डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड याने वेगळे काढले. विजेचा प्रवाह होकायंत्राची सुई हलवतो, हे पुढल्याच वर्षी दाखवून देणारा अर्स्टेड तो हाच. सुगंध येतो तो उडून जाणाऱ्या तेलामुळे. गृहिणीने हा भेद ध्यानात ठेवला, तर बरेच काम सोपे होते. दाणा अखंड आहे तोवर तेल आत सांभाळलेले असते. कुटला की ते उडू लागते. म्हणून महिन्यापूर्वी दळलेली मिरपूड जिभेला झोंबते, पण नाकाला काही सांगत नाही. मिरी लागेल तेव्हा, लागेल तेवढीच खलबत्त्यात कुटावी. सार-कढणात तिखटपणा मुरायला हवा असेल तर दोन दाणे आरंभी घालावे आणि सुगंधासाठी चिमूटभर ताजी पूड भांडे उतरवताना घालावी. उजेडानेही पायपेरीनचा जोर कमी होतो, तेव्हा काचेची बरणी दिसायला छान असली तरी मिरीला झाकणाचा पितळी किंवा स्टीलचा डबाच बरा.

खरेदी करताना दाणा जड, टणक आणि सुरकुतलेला पाहून घ्यावा. मिरीत वाळलेल्या पपईच्या बिया मिसळण्याची खोड जुनी आहे. मूठभर दाणे पाण्यात टाकले की पपईच्या बिया वर तरंगतात. पोचट मिरेही तरंगतात म्हणा, पण ते तरी आपण पैसे देऊन कशाला घ्यावे? संशय राहिलाच तर एक दाणा फोडून हुंगावा. मिरे स्वतःची साक्ष स्वतः देते, पपईच्या बीला ती देता येत नाही.

आमच्या बडोद्यात मिरीला दोन घरे आहेत. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात ती गोड्या मसाल्यात, उडदाच्या पापडात, बाळंतिणीच्या लाडवात आणि आजाऱ्याच्या मऊ भातावर तूप-मिठाबरोबर येते. शेजारच्या गुजराती घरात तीच 'मरी' होऊन गाठियांत भरड कुटून पडते. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या आम्हां लोकांना दोन्ही चवी आपल्याच वाटतात.

परंतु माझा पेशा गाणे शिकवण्याचा. त्यामुळे मिरीचा विषय निघाला की मला स्वयंपाकघराआधी गळा आठवतो. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व जण नाना म्हणत असू, अगदी कोवळ्या वयात दरबारच्या कलावंत कारखान्यात गायक म्हणून लागले. त्यांची नोकरी जेमतेम रुळली तोच १९४९ साली संस्थान विलीन झाले. माझा जन्म त्यांच्या उतारवयातला. दरबार मी पाहिला नाही, पण दरबारी गवयाची शिस्त मात्र घरात रोज पाहिली. नानांच्या तंबोऱ्याच्या खोलीत एक चांदीची डबी असे. तिच्यात खडीसाखर आणि मिरे. गायला बसण्यापूर्वी खडीसाखरेच्या खड्याबरोबर दोन मिरे दाढेखाली धरायचे, रस सावकाश गिळायचा, वर कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. दोनाचे तीन मिरे कधी होत नसत.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. गळा बसलेला असेल त्या दिवशी नाना त्या डबीला हात लावत नसत. त्या दिवशी ते गातच नसत. निरोप पाठवून मोकळे होत आणि घरात दिवसभर पाटीवर लिहून बोलत. म्हणजे मिरे होते चांगल्या गळ्याच्या तयारीसाठी. बिघडलेल्या गळ्याला दामटून उभा करण्यासाठी नव्हे.

मात्रा आणि वेळ यांची ही समज आता सुटत चालली आहे, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. परीक्षा किंवा स्नेहसंमेलन जवळ आले की मुलांच्या दप्तरांत मिरी, सुंठ, ज्येष्ठमध, लवंग यांच्या पुड्या येतात. माझ्याकडे शिकणारी एक गुणी मुलगी सुट्टीनंतर परत आली ती घोगऱ्या आवाजानेच. महिना झाला तरी आवाज उघडत नव्हता. घरच्या प्रेमळ मंडळींच्या सांगण्यावरून ती दिवसातून चार वेळा मिरी-सुंठीचा कडक काढा घेई आणि काढ्याची ऊब आहे तोवर जोर लावून रियाज करी. तिचे गाणे मी त्याच दिवशी थांबवले आणि तिच्या वडिलांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडले. स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. सुदैवाने शस्त्रक्रिया लागली नाही. विश्रांती आणि आवाजाचे व्यायाम यांनी दोन-अडीच महिन्यांत आवाज परतला. आणखी वर्षभर ती तशीच गात राहिली असती, तर परतला असता असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते.

यातले शास्त्र साधे आहे. आपण जे खातो-पितो ते अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी, आणि गिळताना ती वाट झाकली जाते. तेव्हा मिऱ्याचा रस स्वरतंतूंना शिवतच नाही. त्यांना शिवला तर ठसका लागेल! मग मिरे करते काय? त्याच्या तिखटपणाने लाळ सुटते, घशातला चिकटा पातळ होतो, गिळल्याने खाकरण्याची उबळ शमते आणि घशाला ऊब वाटते. गाण्याआधी एवढे पुष्कळ आहे. पण सुजलेल्या स्वरतंतूंची सूज त्याने उतरत नाही. उलट उबेच्या भरात दुखणे जाणवेनासे होते आणि गाणारा आणखी जोर लावतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांच्यापैकी काहींना कडक काढ्याने जळजळ वाढते आणि वर आलेले आम्ल घशालाच त्रास देते.

आयुर्वेदाने मिरीला 'मरिच' म्हणून फार मान दिला आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू. भूक प्रदीप्त करणारी आणि कफ हटवणारी अशी तिची ख्याती आहे. परंतु त्याच आयुर्वेदाने तिला तीक्ष्ण आणि रूक्ष म्हटले आहे आणि औषध मात्रेने घ्यावे असे बजावले आहे. आपण पहिले वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो.

मिरीच्या अंगी आणखी एक गुण आहे, तो दुसऱ्याला पुढे नेण्याचा. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की हळदीतील कर्क्युमिन नुसते घेतले तर रक्तात जवळजवळ उतरतच नाही. त्याबरोबर थोडे पायपेरीन दिले तर माणसांत त्याचे प्रमाण वीसपट वाढते. हळद घातलेल्या दुधात चिमूटभर मिरपूड टाकणाऱ्या आज्यांना हे वाचून हसू येईल. पण या गुणाची दुसरी बाजूही आहे. पायपेरीन काही औषधेही रक्तात वाढवते. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन आणि दम्यावरचे थिओफिलिन ही त्यांतली. स्वयंपाकातल्या मिरीने भिण्याचे कारण नाही, परंतु अशी औषधे रोज चालू असतील तर मिरीचे काढे, चूर्णे किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लहान मुलांना अखंड दाणा चघळायला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. तसेच मिरपूड मधात कालवून देण्याची चाल असली, तरी वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये.

गाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. गळा चांगला असेल तेव्हा दोन मिरे आणि खडीसाखर खुशाल द्या. सर्दीत सौम्य काढा एखाद-दुसऱ्या वेळेला द्या. दिवसभर पाणी भरपूर पाजा आणि ओरडणे बंद करा. आवाज बसला असेल तर गाणे थांबवा. कुजबुजणेही नको, त्यानेही ताण पडतो. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. परीक्षा पुढच्या सत्रातही देता येते.

ती चांदीची डबी आता माझ्या वर्गात असते. तिच्यात आजही खडीसाखर आणि मिरे असतात, आणि मुले हक्काने मागतात. पण डबी उघडण्यापूर्वी मी प्रत्येकाला एक षड्ज लावायला सांगतो. षड्ज स्वच्छ लागला तर दोन मिरे. नाही लागला तर घरी जाऊन विश्रांती.