यूव्ही दिव्याला पंप कोणता?

मत्स्यटाकीतलं हिरवं पाणी निवळायला यूव्ही दिवा लावला, तरी खरी मदार पंपावर असते. सुमारे 254 नॅनोमीटरची अतिनील किरणं शेवाळाच्या पेशींचा डीएनए बिघडवतात. त्यासाठी पाणी दिव्यापाशी पुरेसा वेळ राहायला हवं. म्हणून मोठा पंप तो चांगला, हा समज सोडा. तरंगतं शेवाळ तुलनेने जलद प्रवाहातही मरतं, परजीवींसाठी मात्र प्रवाह बराच संथ लागतो.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा सहसा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढताना, नळीच्या वळणांत तो घटतो. तेव्हा सगळं जोडून बादली भरून पाहा: 1 मिनिटात 10 लिटर म्हणजे ताशी 600 लिटर. दिव्याच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेपेक्षा हे जास्त असेल, तर पंपाच्या बाहेरच्या नळीवर व्हॉल्व्ह बसवा. आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका.