एक डबा, दोन मालक!

दिवसा एडिटिंग, रात्री गेमिंग. एकाच पीसीकडून दोन्ही कामं करून घ्यायची, तर पैसे ओतायचे कुठे आणि हात आखडता घ्यायचा कुठे?

लॅपटॉप घेणं सोपं असतं. दुकानात जायचं, चार मॉडेल्स उघडून-मिटून बघायची, ईएमआय विचारायचा, बॅग खांद्याला लावून घरी! असेंबल्ड पीसीचं मात्र तसं नाही राव. ते थेट लग्न जमवण्यासारखं काम. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर आणि कॅबिनेट अशी आठ पाहुणेमंडळी, प्रत्येकाचा मानपान वेगळा. त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी पटलं नाही, तर बिल मात्र आपण भरलेलं असतं.

‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ हा शिक्का ऑफिसात एकदा बसला की सुटका नाही. माझ्यावर तो कधीच बसलाय. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर माझी दर दोन-तीन महिन्यांनी फेरी असतेच. (कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा!) यातली सगळ्यात इंटरेस्टिंग केस डिसेंबर २०२५ मधली. कारण यात ग्राहक दोन होते, डबा एकच.

आमच्या अकाउंट्समधली एक मैत्रीण सोमवार ते शुक्रवार व्हाउचर्स तपासते आणि शनिवार-रविवार लग्नांचे व्हिडिओ करते. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पक्का गेमर. बजेट एक लाख नव्वद हजार. त्यातले सव्वा लाख तिचे, पासष्ट हजार त्याच्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून साठवलेले. मॉनिटर घरात होता, १४४ हर्ट्झचा.

पैसे म्हणजे दोघांची आयुष्यभराची नसली, तरी दोन वर्षांची पुंजी. शिवाय तिने चार लग्नांचे अ‍ॅडव्हान्स घेतलेले. जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइन इतकी अडकायची, की वीस मिनिटांच्या फिल्मला तीन आठवडे लागत. एका नवरीच्या आईने तर ‘बारशाला तरी द्याल ना?’ असं विचारून झालेलं. “या सीझनला वेळेत दिलं नाही ना, तर पुढच्या सीझनला कोणी बोलावणार नाही मला,” ती म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

भावाने कोटेशन तयारच ठेवलं होतं. रायझेन ७ ९८००एक्स३डी हा गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट, सात लाइटवाले पंखे, आणि पैसे जुळवण्यासाठी मागच्या पिढीचं, आरटीएक्स ४० सिरीजचं कार्ड. ताईने एकच प्रश्न विचारला, “यावर माझं फुटेज चालेल का?” भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

आधी फुटेज, मग पार्ट्स

एडिटिंगचा पीसी घेणाऱ्याला मी पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. विचारतो, कॅमेरा काय रेकॉर्ड करतो? तिचा कॅमेरा ४के, १०-बिट, ४:२:२, एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो. ऐकायला बँकेचा पासवर्ड वाटतो, पण फंडा सोपा आहे.

व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र जागा वाचवायला कमी ठेवतात. ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव, ४:२:२ मध्ये निम्मी. शालूचा लाल, हळदीचा पिवळा नंतर नीट करायचा, तर ही जास्तीची माहिती फार कामाला येते.

आता एच.२६५. हा फॉरमॅट प्रत्येक फ्रेम अख्खी साठवत नाही, बऱ्याच फ्रेम्समध्ये फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढंच लिहून ठेवतो. त्यामुळे तुम्ही टाइमलाइनवर मध्येच क्लिक केलंत, की ती एक फ्रेम दाखवायला पीसीला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम्स उलगडाव्या लागतात. या कामासाठी चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. ते असेल तर काम लोण्यासारखं. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर, आणि मग तो अडखळतो.

मेख इथेच आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘क्विक सिंक’ हे सर्किट २०११ पासून आहे, आणि डेस्कटॉपवर ११ व्या पिढीपासून ते १०-बिट ४:२:२ एच.२६५ सुद्धा उलगडतं. पण नावापुढे ‘एफ’ असलेल्या चिप्समध्ये इनबिल्ट ग्राफिक्सच नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत ४:२:२ ची सोय आली ती थेट २०२५ मध्ये, आरटीएक्स ५० सिरीजमध्ये. म्हणजे भावाने निवडलेलं कार्ड गेमला झकास, पण ताईच्या फुटेजला त्याचा उपयोग नाही. कोटेशनमधली सगळ्यात स्वस्त वाटणारी ओळच सगळ्यात महाग पडली असती.

उरले दोन रस्ते. इनबिल्ट ग्राफिक्सवाला इंटेल, किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि ५० सिरीजचं कार्ड.

भाऊ काय म्हणतो?

“पण दादा, एक्स३डी नाही घेतला तर एफपीएस?” भाऊ कळवळला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एक्स३डी चिप्समध्ये कॅश मेमरीचा जादा थर असतो आणि गेम्सना त्याचा खरोखर फायदा होतो. पण ९८००एक्स३डी मध्ये कोअर्स आठ. एक्सपोर्ट आणि इफेक्ट्सना जादा कॅशपेक्षा जादा कोअर्सचा उपयोग अधिक. शिवाय तो रोज खेळतो व्हॅलोरंट. हा गेम २०२० मध्ये आला, तोच मुळी साध्या पीसीवर पळावा म्हणून बेतलेला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला १४४ च वेळा चित्र बदलतो. तीनशे फ्रेम्स तयार झाल्या, तरी त्या पडद्यावर उतरणार कशा?

तोडगा निघाला तो सॉकेटमुळे. रायझेन ९ ७९०० मध्ये बारा कोअर्स आहेत, तो ६५ वॅटचा आहे आणि कूलर बॉक्समध्येच मिळतो. तो बसतो एएम५ सॉकेटवर, ज्याला किमान २०२७ पर्यंत सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. म्हणजे आज ताईचे बारा कोअर्स. उद्या भावाला नोकरी लागली, की त्याच मदरबोर्डवर त्याचा एक्स३डी. “पहिल्या पगारात साडी नको, प्रोसेसर घे,” ताई म्हणाली. तह झाला.

कार्ड ठरलं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं. इथे डोळ्यांत तेल घालून बघा! याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं, आणि घाईत कोटेशन वाचणाऱ्याला फरक कळत नाही. मोठे गेम्स १४४०पी वर खेळायचे तर ८ जीबी अपुरी पडायला लागते. ४के फुटेजवर नॉइज रिडक्शन लावलं, तरी मेमरीच लागते. या एका पार्टवर मात्र बहीण-भावाचं पहिल्या मिनिटाला एकमत झालं.

जिथे पैसे वाचले

रॅम : वेळ वाईट होती. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरमध्ये ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ६४ जीबीचा हट्ट सोडून ३२ जीबी घेतली, पण १६-१६ च्या दोन कांड्यांत. एकच कांडी घेतली तर वेग निम्म्यावर येतो. आणि एएम५ वर चार कांड्या लावल्या तर वेग उतरवावा लागतो, त्यामुळे ‘आत्ता दोन, नंतर दोन’ हा हिशेब इथे फारसा जमत नाही.

एसएसडी : दुकानदार सगळ्यात वेगवान ड्राइव्ह दाखवणारच. जरा गणित करू. २०० मेगाबिटचं फुटेज म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट्स, तासाला ९० जीबी. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशेच्या आसपास मेगाबाइट्स वाचते. म्हणजे अडचण वेगाची नाही, जागेची आहे. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले, की एका लग्नाचे ९०० जीबी! म्हणून विंडोज आणि गेम्सना १ टीबी, चालू कामाला २ टीबी, दोन्ही मध्यम वेगाच्या. जुनी लग्नं हार्डडिस्कवर, दोन प्रतींत. कोणाचे सात फेरे परत शूट करता येत नाहीत.

कॅबिनेट : काच गेली, जाळी आली. मे महिन्यात आपली खोलीच ३४ अंशांवर असते, पंखे त्याहून गार हवा आणणार कुठून? समोरून हवा आत यायला वाट हवी. लाइट्सपैकी दोन पंखे भावाच्या समाधानासाठी ठेवले.

जिथे वाचवायचे नाहीत

एसएमपीएस : कार्ड १८० वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात ९० च्या आसपास, बाकीचं धरून साडेतीनशे. आम्ही ६५० वॅटचा चांगल्या कंपनीचा घेतला. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. आतला माल कसा आहे, त्यासाठी रिव्ह्यू आणि वॉरंटीची वर्षं बघायची.

यूपीएस : ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे! असे यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतात. एक्सपोर्ट चालू असताना वीज गेली की यूपीएसही मान टाकतो. आम्ही ११०० व्हीएचा घेतला.

पार्ट्स जोडून झाल्यावर मी पैसे लगेच द्यायला दिले नाहीत. पेन ड्राइव्हवर तिच्याच कॅमेऱ्याची पाच मिनिटांची क्लिप नेली होती. दुकानातच एडिटिंग सॉफ्टवेअर टाकून ती टाइमलाइनवर मागे-पुढे ओढली. पाणी वाहावं तशी चालली. ताई काही बोलली नाही, फक्त यूपीआयचा पिन टाकला.

चारही लग्नं दिलेल्या तारखांना गेली. आता घरच्या फ्रिजवर टाइमटेबल आहे, रात्री अकरापर्यंत ताई, नंतर भाऊ. एक्सपोर्ट चालू असेल तर भाऊ अभ्यास करतो, असं त्यांची आई सांगते. त्या पीसीवर सगळ्यात खूश तीच आहे!

बिल फाडण्याआधी...

* कॅमेरा काय रेकॉर्ड करतो आणि तुमच्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती, फुकट की पेड, ते हार्डवेअरवर उलगडते, हे आधी तपासा.
* ‘बिलाशिवाय १८ टक्के वाचतील’ या आमिषाला भुलू नका. वॉरंटी मागायला पक्कं बिलच लागतं. त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल आणि पीसी धंद्यासाठी असेल, तर क्रेडिटबद्दल सीएला विचारा.
* सेकंडहँड कार्ड घेताना त्याचा इतिहास विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, तेव्हा दिवसरात्र राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली होती.
* इंटेलचे १३ व्या-१४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर जुने घेत असाल, तर जपून. त्यांच्यातल्या अस्थिरतेवर २०२४ मध्ये मायक्रोकोडचा उपाय आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट केलेलं आहे ना, बघा.
* आणि दुकानात जाताना स्वतःची क्लिप खिशात असू द्या. दुकानदाराच्या डेमोत सगळंच भारी दिसतं!