सायकलच्या हँडलवर कोणतं यंत्र?

पुण्याहून सकाळी सहाला सुटलेली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची सायकल राइड, संध्याकाळी साडेसातच्या आत संपवायची असते. साडेतेरा तासांचा हिशेब, आणि त्यात घड्याळ कुणासाठी थांबत नाही. मिसळ खाल्ली, पंक्चर काढलं, टपरीवर चहा घेतला, सगळं त्याच साडेतेरा तासांत. माझ्या पहिल्या बीआरएमला मी हँडलवर मोबाइल बांधला होता. साताऱ्याच्या अलीकडून परत फिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आधी पडद्यावरचं काही दिसेना, म्हणून उजेड पूर्ण वाढवला. मग फोन तापल्याची सूचना आली आणि खंबाटकीच्या आसपास, १३०व्या किलोमीटरला, तो बंदच पडला. रस्ता सरळ होता म्हणून निभावलं. पण त्या उरलेल्या ७० किलोमीटरमध्ये पडलो असतो, तर घरी कळवायचं साधनच माझ्याजवळ उरलं नव्हतं.

सायकलसाठी वेगळं जीपीएस यंत्र का घ्यायचं, याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच आहे. मोबाइल अडीअडचणीसाठी भरलेला राहिला पाहिजे. मोजण्याचं आणि वाट दाखवण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

आणि तुमच्या सायकलिंगला ही अडचण येतच नसेल, तर यंत्र घेऊ नका, असंही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. रोज सकाळी ओळखीच्या रस्त्यावर २५ किलोमीटर फिरून साडेसातला घरी येणाऱ्याला खिशातला मोबाइल पुरतो. एखादं ॲप चालू करून फोन खिशात टाकायचा. पडदा बंद असला की बॅटरीही फारशी खर्च होत नाही. बाजारात ही यंत्रं सहा-सात हजारांपासून साठ-सत्तर हजारांच्या पुढपर्यंत मिळतात. त्या पैशांत चांगले टायर, नीट बसणारं सीट, भरवशाचे दिवे आणि हेल्मेट येतं. हे आधी.

सायकलने किती अंतर कापलं हे मोजण्याची हौस मात्र जुनी आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस वीडर यांनी १८९५ मध्ये सायक्लोमीटर आणला. चाकाच्या आऱ्याला बसवलेली खीळ प्रत्येक फेऱ्याला एका दातेरी चक्राला टिचकी मारायची आणि आकडा पुढे सरकायचा. जपानच्या कॅटआयने १९८१ मध्ये इलेक्ट्रॉनिक मीटर काढला. आऱ्यावर चुंबक, चिमट्यावर संवेदक, हँडलवर आकडे. उपग्रहांची पाळी यायला आणखी काळ जावा लागला. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ठिकाण १०० मीटरपर्यंत चुकायचं. २ मे २०००ला ती चूक मिसळणं बंद झालं आणि हाताएवढ्या यंत्राला रस्ता ओळखता येऊ लागला. गार्मिनची एज २०५ आणि ३०५ ही खास सायकलींसाठीची यंत्रं २००५ मध्ये आली. आज गार्मिनसोबत वाहू, तैवानची ब्रायटन, चीनची आयजीपीस्पोर्ट, हॅमरहेड अशी बरीच नावं दुकानात ऐकू येतात.

नावांवरून सुरुवात केली की गोंधळ होतो. सुरुवात स्वतःच्या सर्वांत लांब राइडपासून करा. एका दमात तुम्ही किती तास सायकलवर असता?

बीआरएमच्या वेळा पाहा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. खोक्यावर '२० तास बॅटरी' लिहिलेलं असतं, ते सगळ्या सोयी बंद ठेवून मिळणारे तास असतात. रात्री पडद्याचा दिवा लागतो, मार्गदर्शन चालू असतं, छातीवरचा पट्टा आणि चाकावरचा संवेदक सतत बोलत असतात. मी खोक्यावरच्या आकड्यातून सरळ तिसरा हिस्सा वजा करतो. २० लिहिले असतील तर १३-१४ धरायचे. म्हणजे २०० जेमतेम, ३००ला पॉवर बँक.

पॉवर बँक म्हटली की आणखी दोन गोष्टी दुकानातच तपासायच्या. चार्जिंग चालू असताना यंत्र नोंद करत राहतं का? आणि चार्जिंगचं भोक कुठे आहे? काहींचं भोक नेमकं खाली, बैठकीच्या आड येतं. यंत्र हँडलवर असताना वायर घालताच येत नाही. ४००च्या राइडला रात्री दोन वाजता एका पेट्रोल पंपाच्या ओट्यावर बसून मी यंत्र जर्सीच्या खिशात ठेवून चार्ज केलं आहे. पाऊण तास गेला. खरेदीच्या वेळी यंत्र उलटं करून पाहिलं असतं, तर तो वाचला असता.

बॅटरीनंतर पाऊस. आपल्याकडचा सायकलस्वार जून ते सप्टेंबर घरी बसत नाही. उलट ताम्हिणी आणि वरंध हे घाट त्याला तेव्हाच बोलावतात. ओल्या पडद्यावर बोटाचा स्पर्श नीट ओळखला जात नाही, आणि कधी कधी पावसाचा थेंबच बोटाचं काम करून पान बदलून टाकतो. हातमोजे भिजलेले, बोटं सुरकुतलेली, समोर धुकं, अशा वेळी अंगठ्याला चाचपून सापडणारं बटण लागतं. म्हणून सह्याद्रीत राहणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे: बटणांचं यंत्र घ्या, किंवा स्पर्शपडदा बंद करून सगळी कामं बटणांनी होतील असं घ्या. आयपीएक्स ७ हा दर्जा असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही यंत्राला काही होऊ नये. मुसळधार पावसाला तेवढं पुरतं, मात्र चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण पक्कं बसलेलं हवं. पडद्याच्या बाबतीत मोबाइलचा न्याय इथे लावू नका. यातल्या अनेक यंत्रांचे पडदे मोबाइलसारखे चकचकीत नसतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते फिकट आणि गरीब वाटतात. पण ते बाहेरच्या उजेडावर चालतात. ऊन जितकं कडक तितके आकडे ठळक. दुकानदाराला सांगून यंत्र फुटपाथवर न्या आणि उन्हात पाहा.

आता उंची. घाट चढणाऱ्यांचं सगळं बोलणं चढाईच्या मीटरमध्ये चालतं, आणि यंत्रांची सर्वाधिक फसगतही इथेच होते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःची जागा काढतं. तीन उपग्रह जागेसाठी आणि चौथा यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे आडवी जागा बरी सापडते आणि उभी उंची चुकते. यावर उपाय म्हणून चांगल्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. १०० मीटर वर चढलात की दाब साधारण ११-१२ हेक्टोपास्कलने उतरतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना सुमारे पावणेसहाशे मीटर चढावं लागतं. बॅरोमीटर ते वळणावळणाला नीट मोजतो, आणि रस्त्याचा चढ किती टक्के आहे हे त्याच क्षणी सांगतो.

पण दाब हवामानानेही बदलतो. दुपारी आभाळ भरून आलं आणि दाब दोन-तीन हेक्टोपास्कलने पडला, तर तुम्ही हॉटेलात बसलेले असताना यंत्र तुम्हाला २०-२५ मीटर चढवतं. बॅरोमीटरचं बारीक भोक पावसाच्या पाण्याने बुजलं तर आकडे वेडेवाकडे होतात. फुंकर मारून ते मोकळं करावं लागतं. हवामानाचा फरक निदान सुरुवातीला निघावा म्हणून राइड सुरू करण्यापूर्वी ठाऊक असलेली उंची यंत्रात भरावी. आपल्या रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुण्याची साधारण ५६० मीटर, लोणावळ्याची सव्वासहाशेच्या आसपास. स्थानकापासून राइड सुरू होत असेल तर फलक वाचून आकडा भरायचा. याहून सोपी आणि फुकट सोय नाही.

कड्याला लागून जाणाऱ्या रस्त्यावर संकेत थेट न येता खडकावर आपटून उशिरा येतो आणि यंत्राला वाटतं आपण दरीत आहोत. ड्युअल बँड म्हणजे दोन वारंवारितांवर ऐकणारी यंत्रं हा परतून आलेला संकेत बऱ्यापैकी ओळखतात. घाटात आणि मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये त्याचा उपयोग आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उघड्या रस्त्यांवर त्यासाठी जास्त पैसे आणि जास्त बॅटरी घालवण्यात अर्थ नाही.

उंचीसारखं अंतरही चुकतं. बरीच यंत्रं सेकंदाला एकदा जागा टिपतात. ताशी ३६च्या वेगाने उतरताना सेकंदाला १० मीटर जातात, आणि नागमोडी वळणावर यंत्र दोन ठिपके सरळ रेघेने जोडतं. प्रत्येक वळणाला थोडं थोडं अंतर हरवतं. बॅटरी वाचवायला ठिपके विरळ टिपायचा पर्याय निवडला असेल तर आणखी हरवतं. बोगद्यात तर उपग्रहांचा संकेतच तुटतो. चाकाच्या आसावर बसणारा वेगाचा छोटा संवेदक ही सगळी उणीव भरतो, कारण तो चाकाचे फेरे मोजतो, वीडर यांच्या खिळीसारखाच. फक्त चाकाचा घेर बरोबर भरा. ७०० बाय २५च्या टायरचा घेर २१०५ मिलिमीटरच्या आसपास, ७०० बाय २८चा २१३६. टायर बदलून जुनाच आकडा ठेवला तर २०० किलोमीटरमध्ये जवळपास तीन किलोमीटरची चूक होते.

नकाशा हवा की नको, यावर सायकलस्वारांच्या गप्पा रंगतात. स्वस्त यंत्रांत नकाशा नसतो. कोऱ्या पडद्यावर तुमच्या मार्गाची एक रेघ दिसते आणि तुम्ही रेघेवर आहात की बाजूला एवढंच कळतं. माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा तेवढं पुरतं. नकाशाची किंमत कळते ती वाट चुकल्यावर, सहा रस्ते फुटणाऱ्या गावाच्या चौकात, रात्री. अनोळखी भागात एकट्याने जाणाऱ्याने नकाशाचं यंत्र घ्यावं. मात्र मार्ग घरी बसून, मोठ्या पडद्यावर, स्वतः आखावा. गाडीसाठीचं मार्गदर्शन मुंबईहून पुण्याला सरळ द्रुतगती महामार्गावर नेतं, जिथे सायकलला बंदी आहे. आपल्याला जुना महामार्गच धरायचा असतो. आणि नकाशावरची बारीक रेघ प्रत्यक्षात शेतातली पाणंद निघू शकते, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची.

परदेशातला भाचा येताना यंत्र घेऊन येणार असेल तर आधी दोन गोष्टी विचारा. त्यात भारताचा नकाशा आहे का, की अमेरिकेचा आहे आणि आपला वेगळा घालावा लागेल? आणि बिघडलं तर इथे वॉरंटी चालेल का? वाचलेले चार-पाच हजार एका दुरुस्तीत जातात. आणखी एक सावधगिरी: उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं वेगळी. ती आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. सायकलचं साधं जीपीएस यंत्र उपग्रहांचं फक्त ऐकतं, त्यांना काही पाठवत नाही. त्याला ही अडचण नाही.

संवेदकांबद्दल थोडक्यात. छातीवरचा हृदयगतीचा पट्टा घ्या, तो मनगटावरच्या घड्याळापेक्षा भरवशाचा आहे. पायडलचे मिनिटाला किती फेरे होतात हे सांगणारा केडन्सचा संवेदक नवख्याला चांगली सवय लावतो. जड गिअरवर गुडघे रगडण्याची खोड त्याने मोडते. पॉवर मीटर शर्यतीची तयारी करणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मागून येणारी गाडी टिपणारा रडार मोकळ्या रस्त्यावर कामाचा आहे, पण आपल्या महामार्गावर तो अखंड वाजत राहतो. इथे मला हँडलचा आरसा अधिक उपयोगी वाटतो.

यंत्र हातात आलं की आकड्यांची पानं भरण्याचा मोह होतो. एका पानावर चार-पाच आकडे पुरे. बीआरएम करणाऱ्याने त्यात एक हमखास ठेवावा: थांबे धरून येणारी सरासरी. चहाला थांबलात की यंत्र आपोआप मोजणं थांबवतं आणि पडद्यावर ताशी २०ची छान सरासरी दाखवत राहतं. २०च्या सरासरीने २०० किलोमीटरला दहा तास. त्यात तीन तासांचे थांबे मिळवले की हातात उरतो फक्त अर्धा तास. दमदार पाय असलेले किती तरी जण मी याच हिशेबात अडकलेले पाहिले आहेत.

राइडच्या नोंदी ॲपवर चढवण्याआधी घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय चालू करा. स्ट्राव्हा या ॲपच्या जगभरच्या नकाशातून २०१८ मध्ये लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुमची सायकल रोज कुठून निघते आणि कुठे परत येते हेही तितक्याच सहज दिसतं.

खरेदीची घाई मात्र करू नका. तुमच्या गटात कुणाकडे ना कुणाकडे यंत्र असेलच. एका रविवारी ते मागून घ्या, आपल्या सायकलवर लावा आणि सिंहगडाच्या पायथ्यापासून वर जाऊन या. उन्हात आकडे दिसले का, घामेजल्या अंगठ्याला बटण सापडलं का, खाली आल्यावर बॅटरी किती उरली, हे पाहा आणि मगच दुकानाची पायरी चढा.